नळीतली साय

१

गुड फ्रायडेला डॅन्यूबजवळच्या आमच्या सोंबोर गावात चर्चच्या घंटा वाजत नाहीत. अंगणात टांगलेली लाकडी फळी बडवतात आणि ती ठकठक गावभर ऐकू येते. त्या शुक्रवारी सकाळी मी तेओदोरा चिरिच यांच्या दारात उभी होते तेव्हाही फळी वाजत होती, आणि आत खुर्चीत बाई गेलेल्या होत्या.

बाई शाळेत आम्हाला भूगोल शिकवायच्या. डॅन्यूबच्या उपनद्या चुकल्या म्हणून त्यांची पट्टी मी हातावर खाल्लेली आहे. पोलिसात इन्स्पेक्टर झाले तरी त्या बाजारात भेटल्या की मी पाठ ताठ करायची. आता त्यांच्या अंगावर दोन शाली होत्या, वर घोंगडी होती, आणि उजवा गुडघा भट्टीतल्या पावासारखा फुगून लाल झाला होता. बुधवारी त्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं. गुरुवारी ताप भरला आणि शुक्रवार उजाडला तेव्हा सगळं संपलं होतं.

ताप होता तर डॉक्टरला का नाही बोलावलं, असं मी त्यांच्या भाच्याला, उग्ल्येशाला विचारलं. गडी चाळिशीचा, पण भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. गुरुवारच्या लांबलचक प्रार्थनेत आत्या थरथरत उभी होती, म्हणाला. इस्पितळात चल म्हटलं तर त्यालाच झापलं.

"म्हणाली, 'त्याला खिळे ठोकले होते, मला नुसता ताप आलाय. गप बस.'"

ह्या बाईच असं बोलू शकत होत्या.

स्वयंपाकघरात पातेल्यात कांद्याच्या सालींचं तांबडं पाणी गार झालेलं. शेजारी परडीत ईस्टरची अंडी, रंगवायची राहिलेली, पांढरीफटक. चुलीवर नुसत्या पाण्यात शिजवलेला घेवडा. तेलाची बाटली फडक्यात बांधून कपाटावर ठेवून दिली होती. पवित्र आठवड्यात काही माणसं तेलालाही शिवत नाहीत, आणि बाई त्यातल्याच. मी स्वतः सकाळी हॅम आणि अंडी चापून निघाले होते. त्या स्वयंपाकघरात मला माझीच लाज वाटली.

"ल्युबिंकानं मारलं तिला," उग्ल्येशा म्हणाला. "त्या दवाखान्यातली नर्स. घाणेरड्या हातांनी रक्त काढलं. अंत्यविधीला फिरकलीच तर मी तिला फाटकातून आत येऊ देणार नाही, सांगून ठेवा."

ल्युबिंकाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणाऱ्या तेओदोरा बाईच. म्हणजे ती त्यांना 'कुमा' म्हणायची. आमच्यात रक्ताचं नातं एक वेळ तुटेल, कुमाचं तुटत नाही. जिच्या हातून कुमा मेली, तिला कोर्टानं सोडलं तरी गाव सोडत नाही.

२

दवाखाना कालव्याच्या कडेला. दारावर झगझगीत पाटी: 'तुमच्याच स्टेम सेल, तुमचाच नवा गुडघा.' माझे दोन्ही गुडघे जिने चढताना कुरकुरतात, म्हणून मी ती पाटी आधीही बऱ्याचदा वाचली होती. खोटं कशाला बोलू, आत जायचा मोहही झाला होता.

मालक डॉक्टर ओग्नेन लातिनोविच. देखणा माणूस, मऊ आवाज, नखं बायकांनाही लाजवतील अशी. दुःख झालं म्हणाला, आणि झालेलं दिसतही होतं. उपचार साधा, जगभर चालतो, पेशंटचंच रक्त पेशंटला परत देतो, त्यात विषारी असं काही नाही. चूक झालीच असेल तर स्वच्छतेत, आणि रक्त काढण्यापासून सगळं ल्युबिंकाच्या हाती. तिला कामावर ठेवल्याचा पश्चात्ताप होतोय, असंही तो हळूच बोलला.

प्रत्येक पेशंटचा थोडा प्लाझ्मा दवाखाना नमुना म्हणून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतो. बाईंच्या नावाची नळी मी काढली. प्लाझ्मा पिवळसर असतो एवढं मला माहीत होतं. हा मात्र ताकाच्या निवळीसारखा गढूळ होता, आणि वर बोटभर पांढरी साय धरली होती.

"हे असं कसं?" मी विचारलं.

त्यानं नळी हातातही घेतली नाही. "खाऊन आल्या असतील. किती सांगा, लोक सकाळी बुरेकचा तेलकट पाव हाणूनच येतात. चरबी थंडीत वर तरंगते. काही विशेष नाही."

मी मान हलवली आणि नळी इस्पितळाकडे पाठवली. संध्याकाळी तिकडून फोन आला. बाईंच्या गुडघ्यात जे जंतू होते, तेच नळीतही बुजबुजलेले होते. म्हणजे घाण गुडघ्यावर नव्हती. सुई टोचण्याआधीच ती प्लाझ्मात होती, आणि त्या प्लाझ्माला हात लावणारी माणसं इनमीन तीन.

३

तिसरी होती एतेल्का, दवाखान्यातली जीवशास्त्रज्ञ. यंत्रं तिच्या ताब्यात. हंगेरियन बाई, माझ्याच वयाची, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचा पंथ वेगळा, पंचांग वेगळं, म्हणून त्यांचा ईस्टर आमच्या आधीच्या रविवारी झाला होता. आमचा शोकाचा आठवडा लागला तेव्हा त्यांच्या घरात सणाचं उरलंसुरलं चाललेलं.

मी तिला म्हटलं, मला अडाण्यासारखं समजावून सांगा.

रक्त काढायचं, ती म्हणाली, ते गोठू नये म्हणून औषध घालायचं आणि यंत्रात गरागरा फिरवायचं. लाल पेशी जड, त्या तळाला बसतात. वर राहतो पिवळा प्लाझ्मा. त्याच्या खालच्या भागात प्लेटलेट जमतात. कुठं कापलं की ह्या प्लेटलेट पहिल्यांदा धावून येतात, रक्त थांबवतात आणि आसपासच्या पेशींना हाळी देतात की या, डागडुजीला लागा. ती हाळी गोळा करून दुखऱ्या जागी सोडायची, एवढाच सगळा खेळ. एखाद्या खेळाडूच्या कोपराला गुण येतो. म्हाताऱ्या गुडघ्याला कधी काही महिने आराम पडतो, कधी काहीच नाही.

"आणि स्टेम सेल?"

"त्या हाडांच्या मगजात असतात, चरबीत असतात. काढायची रीत वेगळी, परवानगी वेगळी. दंडातून काढलेल्या नळीभर रक्तात त्या शोधायच्या म्हणजे वाळवंटात मासे धरायचे."

"मग दारावरची पाटी?"

"ती डॉक्टरांची."

"आणि तुम्ही?"

एतेल्का खिडकीबाहेर बघू लागली. "मी रोज त्या पाटीखालूनच आत येते, इन्स्पेक्टर बाई."

दवाखान्याचे नियमही तिनं सांगितले. पेशंटनं उपाशीपोटी यायचं. तुपकट खाऊन आलं तर चरबी रक्तात उतरते आणि प्लाझ्मा दुधाळ होतो. असा प्लाझ्मा ती नको म्हणते, डॉक्टर दर वेळी ऐकतातच असं नाही. दुसरं, काढलेलं त्याच दिवशी वापरायचं. प्लेटलेटना थंडी सोसत नाही, त्यांना खोलीतली ऊब लागते. पण ऊब जंतूंनाही आवडते. म्हणून उरलेलं लगेच फ्रीजमध्ये टाकायचं, आणि ते फक्त नमुना म्हणून, पुन्हा कुणाला टोचायचं नाही.

बुधवारी तिनं बाईंची नळी यंत्रात लावली आणि डॉक्टरांनी तिला पोस्टात पिटाळलं. त्याआधी तिनं बाईंना घरचा हॅम आणि गोड पाव देऊ केला होता. बाई हसल्या. पुढच्या रविवारी दे, आज दुधाची कॉफीसुद्धा चालत नाही, म्हणाल्या. डॉक्टर उशिरा आले. त्यांनी सगळा हॅम एकट्यानं संपवला.

मी निघाले तर तिनं मला थांबवलं.

"फ्रीजमध्ये एक नळी कमी आहे. मंगळवारची. चाबा म्हणून हँडबॉलचा गोलकीपर आहे, त्याचं कोपर करतोय. मला वाटलं, सगळंच वापरलं असेल."

"आणि आता काय वाटतं?"

"आता काही वाटून घ्यायची भीती वाटते," एतेल्का म्हणाली.

४

ल्युबिंका घरी ओट्याशी बसली होती. हात घासून घासून लाल केले होते. मी आत गेले तरी तिचं नखं घासणं थांबलं नाही. शेवटी मीच नळ बंद केला.

कुमाला दवाखान्यात आणलं ते तिनंच. दोन ईस्टर बाईंना मध्यरात्री चर्चभोवतीच्या फेऱ्यांत चालता आलं नव्हतं. पायरीवर बसून मेणबत्ती धरायच्या आणि बाकीचे फिरून येईपर्यंत वारा मेणबत्ती विझवायचा. ह्या वर्षी मी चालणार, असा ध्यास घेतला होता. ल्युबिंकानं डॉक्टरांचे पाय धरून बुधवारचा नंबर मिळवला.

"पण रक्तच निघेना, विदाताई. सोमवारपासून नुसतं पाणी आणि घेवडा. शिरा सुतळीसारख्या झालेल्या. नळी अर्धीसुद्धा भरली नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, ईस्टर होऊ दे, मग पुन्हा बोलावू. ते म्हणाले, तू गुडघा पुसून तयार कर, बाकीचं मी बघतो."

"प्लाझ्मा नळीतून सिरिंजमध्ये कुणी भरला?"

"त्यांनीच. सिरिंज घेऊन ते बाहेर आले."

"रंग कसा होता?"

ती गोंधळली. "रंग कसा दिसणार? डॉक्टर सिरिंजला चांदीचा कागद गुंडाळतात. स्टेम सेलना उजेड सोसत नाही म्हणतात. एतेल्का त्याला नाटक म्हणते. पेशंटना मात्र आवडतं, काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं."

डॉक्टर म्हणतो हिनं केलं, ही म्हणते त्यानं केलं. साक्षीदार होता तो चांदीचा कागद, आणि तो कचऱ्यात गेला. जबाबांच्या जोरावर उद्या हिलाच अटक करावी लागली असती, कारण डॉक्टरकडे वकील होता आणि हिच्याकडे रडवेला चेहरा.

"तुरुंगाची मला भीती नाही," ल्युबिंका म्हणाली. "पण सोमवारी तिला मूठमाती द्यायला मला जाऊ देतील ना?"

मला खोटं बोलवेना. रस्त्यावर आले आणि ज्या इस्पितळात नळी पाठवली होती तिथल्या रक्तपेढीला फोन लावला; बाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन पूर्वी तिथंच झालं होतं. एकच गोष्ट तपासायला सांगितली. उत्तर यायला कॉफी संपण्याइतकाही वेळ लागला नाही.

५

शनिवारी दुपारी सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. उग्ल्येशालाही. तो ल्युबिंकाकडे पाठ करून बसला. मी टेबलावर ती नळी ठेवली. वरची साय आता आणखी घट्ट झाली होती.

ल्युबिंका वाकून बघत राहिली आणि पुटपुटली, "हे कुमाचं नाही."

"चोराच्या उलट्या बोंबा," डॉक्टर म्हणाला.

मी म्हटलं, डॉक्टर, दम धरा, तुमच्याकडेही येते. मला आधी ह्या सायीचं बोलायचंय. बाईंच्या घरी तेलाची बाटली फडक्यात बांधलेली होती. सोमवारपासून त्यांच्या पोटात तेलाचा थेंब नव्हता. मग बुधवारी त्यांच्या रक्तावर ही साय आली कुठून?

"उपासाचं सांगतात आणि कपाटामागे सॉसेज खातात. मी बघितलेत असले उपासकरी."

"माझी आत्या?" उग्ल्येशाचा आवाज चढला. डॉक्टरवर चिडायची त्याची ती पहिलीच वेळ.

मी त्याला हातानंच बसवलं. समजा, सॉसेज खाल्लं, मी म्हटलं. पण बाईंचा रक्तगट होता 'ए'. ह्या नळीतला प्लाझ्मा रक्तपेढीनं 'ए' गटाच्या पेशींवर टाकला तर त्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. 'ए' गटाच्या माणसाच्या प्लाझ्मात असं द्रव्य राहूच शकत नाही, नाहीतर त्याच्या अंगातलं त्याचंच रक्त गोठलं असतं. नाव बाईंचं, माल दुसऱ्याचा. आणि मंगळवारची चाबाची नळी फ्रीजमध्ये नाही.

एतेल्कानं डोळे मिटले. "तो हॅम आणि अंडी खाऊनच आला होता. आमच्या ईस्टर सोमवारी पोरं घरोघर मुलींवर पाणी शिंपडत हिंडतात, घरोघर ताट वाढलेलं असतं, दुसऱ्या दिवशीही तेच चालू. त्याचा प्लाझ्मा दुधासारखा होता. मी नको म्हटलं होतं."

"मग ल्युबिंकानंच नळ्यांची अदलाबदल केली," डॉक्टर घाईनं म्हणाला. "नाहीतर एतेल्कानं. माझा काय संबंध?"

ह्याच वाक्याची मी वाट बघत होते. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं म्हणतात. इथं मात्र जसं होतं तसंच दिसत होतं, बघणाऱ्याचीच नजर चुकली होती.

"डॉक्टर, ज्यानं ह्या नळीवर बाईंचं नाव लावलं, त्यानं ती दुधाळ आहे हे बघितलंच असणार. ल्युबिंकाला माहीत होतं की कुमा तेलालाही शिवत नाही. एतेल्कालाही माहीत होतं, तिचा हॅम बाईंनी तिच्या तोंडावर नाकारला होता. ह्या दोघींपैकी कुणी अदलाबदल केली असती, तर असली नळी फ्रीजमध्ये ठेवलीच नसती. फेकून दिली असती, कारण तिच्याकडे बघताक्षणी लबाडी उघडी पडते. सकाळी पेशंट खाऊनच येतात आणि साय धरणं काही विशेष नाही, असं ज्याला वाटलं, त्यानंच ती निर्धास्तपणे ठेवली. काल तुम्ही मला अगदी तेच म्हणालात. बाईंच्या उपासाचं माहीत नसलेला ह्या खोलीत एकच माणूस होता, कारण तुम्ही उशिरा आलात आणि हॅम खात बसलात."

डॉक्टरची ती सुंदर नखं टेबलाच्या कडेवर आपटू लागली. मग त्यानं दोन बोटं थोडी दूर करून दाखवली.

"एवढाच निघाला प्लाझ्मा. एवढाच. सिरिंज अर्धी रिकामी दिसली असती. लोक पैसे स्टेम सेलचे देतात, इन्स्पेक्टर बाई, रिकामी सिरिंज कशी दाखवणार? चाबाचा उरलेला ओट्यावरच होता. तरुण मुलगा, धडधाकट रक्त. मला वाटलं, उलट फायदाच होईल तिला."

"रात्रभर ओट्यावर? उबेत?" एतेल्कानं विचारलं.

"त्या बाईचा गुडघा, तिनं वर्षभर वाट बघितली होती…"

"ईस्टरनंतर बोलवा म्हटलं होतं मी," ल्युबिंका म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "आणि तिचं स्वतःचं जे निघालं, ते कुठंय?"

डॉक्टरनं भिंतीकडे बघितलं. तिथं हात धुवायचं बेसिन होतं.

चार थेंब का असेनात, पण ते बाईंचे होते आणि स्वच्छ होते. त्यांनी गुडघा बरा झाला असता की नाही, देव जाणे. मेल्या मात्र नसत्या. ते चार थेंब त्यानं मोरीत ओतले. तीस वर्षांत मी कुणावर हात उचलला नाही, त्या दिवशी माझे हात शिवशिवले. मी शिपायाला हाक मारली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

उग्ल्येशा माझ्यामागून आला. ल्युबिंकाशी त्याला काय बोलावं ते सुचत नसावं, म्हणून तो मलाच म्हणाला, "आत्याची अंडी रंगवायची राहिलीत." मी म्हटलं, मला कशाला सांगतोस? तेव्हा तो परत आत गेला.

६

सोमवारी बाईंना पुरलं. ईस्टरच्या आठवड्यातला अंत्यविधी विचित्र असतो. रडू येत असतं आणि पुनरुत्थानाची आनंदगीतं म्हणावी लागतात. आकाश भरून आलेलं, कालव्याकडून बोचरा वारा येत होता.

ल्युबिंका आली आणि फाटकाबाहेरच थांबली. निर्दोष ठरली हे आता अख्ख्या गावाला माहीत होतं, तरी तिचे पाय आत पडेनात. मी जाऊन तिला चल म्हटलं. तिनं मान हलवली.

"त्यानं पाप केलं ते त्याच्याकडे, विदाताई. पण नंबर मीच लावला होता ना? तिला फेऱ्या मारायच्या होत्या म्हणून मीच हट्ट धरला."

खुनी शोधणं सोपं असतं. उरलेल्या माणसांचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तेवढ्यात गाणाऱ्यांच्या घोळक्यातून उग्ल्येशा बाहेर आला. त्याच्या हातात लाल अंडं होतं. आदल्या दिवशी ल्युबिंकानंच ती सगळी परडी बाईंच्या त्या कांद्याच्या सालींच्या पाण्यात रंगवली होती. त्यातलं पहिलं अंडं खायचं नसतं. ते वर्षभर देवाच्या तसबिरीपाशी ठेवतात, घराची राखण करायला.

त्यानं अंडं तिच्या हातात ठेवलं. "घरात आता राखायला कोणी नाही," तो म्हणाला. "तूच ठेव तिच्यापाशी. मातीलाही पहिला हात कुमाचाच असतो."

ल्युबिंका आत आली. गाणं थांबलं नव्हतं. तिनं गुडघे टेकले, खड्ड्यात वाकून अंडं पेटीवर ठेवलं आणि त्यावर मूठभर माती सोडली. उठताना तिला उठवेना, तेव्हा उग्ल्येशानं तिचा हात धरला. मग ती दोघं कबरीभोवती एक फेरी चालली, वारा असूनही हातातल्या मेणबत्त्या सांभाळत, सावकाश, गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या चालीनं.